‘केवळ एक सिद्धांत’: डोव्हरचा खटला आणि एका शब्दाचा अर्थ

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१. १८ जानेवारी २००५. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या छोट्या गावची शाळा. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला विज्ञानशिक्षकांनी एक निवेदन वाचून दाखवावे, असा शाळामंडळाचा आदेश होता. शिक्षकांनी नकार दिला. अखेर प्रशासनाचे अधिकारी स्वतः वर्गात आले, त्यांनी ते निवेदन वाचले आणि प्रश्नोत्तरांना वाव न ठेवता ते निघून गेले. वाचायला एक-दोन मिनिटे लागली असतील. त्या मजकुरावरचा खटला मात्र सहा आठवडे चालला आणि निकालपत्र १३९ पानांचे झाले.

२. निवेदनाचा आशय असा होता: डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत आहे, तथ्य नव्हे. त्यात त्रुटी आहेत. जीवसृष्टीच्या उगमाचे ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे ‘बुद्धिमान रचना’, हे वेगळे स्पष्टीकरणही आहे आणि त्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे. मात्र याच निवेदनात सिद्धांताची व्याख्याही दिली होती: असंख्य निरीक्षणांना एका सूत्रात बांधणारे, कसोटीला उतरलेले स्पष्टीकरण. एका वाक्यात सिद्धांत म्हणजे कच्चा तर्क, तर दुसऱ्यात भक्कम ज्ञान. सारा वाद या विसंगतीत सामावलेला होता.

३. इंग्रजीत ‘थिअरी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बोलण्यात त्याचा अर्थ अंदाज किंवा अटकळ. विज्ञानात त्या पायरीला गृहीतक म्हणतात. गृहीतक वारंवार तपासले जाते, टिकते, इतर ज्ञानाशी जुळते आणि नव्या गोष्टींचे भाकीत करू लागते, तेव्हा सिद्धांत उभा राहतो. सिद्धांताला बढती मिळून त्याचे तथ्य होत नाही. दगड खाली पडतो हे तथ्य. तो का पडतो याचे स्पष्टीकरण म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. रोगजंतूंचा सिद्धांत आणि अणुसिद्धांत याच अर्थाने सिद्धांत आहेत.

४. हा वाद डोव्हरमध्ये जन्मला नव्हता. ८० वर्षांपूर्वी, जुलै १९२५ मध्ये, टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. मानव खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकवण्यास राज्याच्या ‘बटलर कायद्या’ने बंदी घातली होती. सरकारपक्षात विल्यम जेनिंग्ज ब्रायन, बचावात क्लॅरन्स डॅरो. बचावपक्षाने शास्त्रज्ञ साक्षीला आणले होते. पण न्यायाधीशांनी त्यांची साक्ष ज्यूरीपुढे होऊ दिली नाही. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. उत्क्रांतीविषयीच्या त्या जगप्रसिद्ध खटल्यात उत्क्रांतीचा पुरावा ज्यूरीने ऐकलाच नाही.

५. १९२७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा तांत्रिक कारणावरून रद्द केली, कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. या कथेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. डेटनमध्ये वापरले जाणारे जॉर्ज हंटर यांचे ‘सिव्हिक बायोलॉजी’ हे पाठ्यपुस्तक उत्क्रांतीबरोबरच मानववंशांची उतरंड आणि सुप्रजननवादही शिकवत होते. डार्विनच्या नावाने बलिष्ठांची सत्ता समर्थनीय ठरवली जाईल, ही ब्रायन यांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु सिद्धांताचा गैरवापर हे तो खोटा असल्याचे प्रमाण होत नाही.

६. तोवर विज्ञान स्वस्थ बसले नव्हते. डार्विनकडे आनुवंशिकतेचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्यांचे महत्त्व १९०० मध्ये नव्याने उमगले. सुरुवातीला मेंडेलचे अनेक अनुयायी त्याच्या नियमांना डार्विनविरोधी मानत. रोनाल्ड फिशर, जे. बी. एस. हाल्डेन आणि सूअल राइट यांनी गणिताच्या आधारे दोहोंचा मेळ घातला. यातले हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

७. येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आनुवंशशास्त्र हे डार्विनच्या पश्चात उभे राहिलेले शास्त्र. ते उत्क्रांतीचा सिद्धांत उलथवू शकले असते. प्रत्यक्षात त्याने त्या सिद्धांताला त्याचा हरवलेला दुवा मिळवून दिला. अपरिचित दिशेने आलेल्या पुराव्यासमोर टिकणे, ही सिद्धांताची खरी परीक्षा असते. अशीच परीक्षा पुढे डोव्हरच्या खटल्यात सर्वांसमोर उलगडायची होती.

८. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरवली. मग विरोधकांनी मार्ग बदलला. बायबलमधील निर्मितीकथेला ‘सृष्टिनिर्मिती विज्ञान’ असे नाव देऊन उत्क्रांतीच्या बरोबरीने वेळ मागण्यात आला. लुइझियाना राज्याने तसा कायदाही केला. १९ जून १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला, कारण त्याचा हेतू धार्मिक होता. त्यानंतर ‘बुद्धिमान रचना’ हा शब्दप्रयोग पुढे आला. त्यात देवाचे नाव नव्हते. होता तो अनामिक रचनाकार.

९. या पक्षाचे प्रमुख शास्त्रीय प्रवक्ते होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बिही. जिवाणूच्या शेपटीसारख्या काही रचनांतला एकही भाग काढला तर त्या निकामी होतात, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने घडणे शक्य नाही, असे त्यांनी १९९६ च्या ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात मांडले होते. उंदराचा सापळा हे त्यांचे आवडते उदाहरण. विशेष म्हणजे पृथ्वीचे प्राचीनत्व आणि सजीवांचा समान पूर्वज या गोष्टी बिही स्वतः मान्य करतात.

१०. १८ ऑक्टोबर २००४ रोजी डोव्हरच्या शाळामंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला: डार्विनच्या सिद्धांतातील उणिवा आणि ‘बुद्धिमान रचने’सह इतर सिद्धांत यांची जाणीव विद्यार्थ्यांना करून दिली जाईल. विरोधी मत देणाऱ्या दोघांनी तत्काळ राजीनामे दिले. विद्यार्थ्यांपुढे जाणूनबुजून चुकीची माहिती ठेवणार नाही, ही आपली व्यावसायिक जबाबदारी आहे, असे शिक्षकांनी लेखी कळवले. १४ डिसेंबरला ११ पालक न्यायालयात गेले. ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ असे त्या खटल्याचे नाव.

११. सुनावणी २६ सप्टेंबर २००५ रोजी हॅरिसबर्ग येथील संघीय न्यायालयात सुरू झाली. ज्यूरी नव्हती, निर्णय एकट्या न्यायाधीशांचा. जॉन जोन्स हे रिपब्लिकन पक्षाच्या पार्श्वभूमीचे, धर्मनिष्ठ, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले. त्यामुळे मंडळाच्या समर्थकांना निकालाची आशा वाटत होती. डेटनमध्ये जे घडले नव्हते ते येथे घडले: शास्त्रज्ञांना दिवसचे दिवस बोलू दिले गेले आणि त्यांची उलटतपासणीही झाली.

१२. पहिले साक्षीदार होते केनेथ मिलर: पेशीशास्त्रज्ञ, श्रद्धाळू कॅथलिक आणि डोव्हरच्या शिक्षकांनी मागितलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. ‘सिद्धांत तपासता येतो’ याचा अर्थ त्यांनी एका उदाहरणाने उलगडला. मानवात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज समान असेल, तर एक जोडी गेली कुठे? अख्खे गुणसूत्र हरवणे प्राणघातक ठरले असते. म्हणजे एकच शक्यता उरते: पूर्वजांची दोन गुणसूत्रे जोडली जाऊन मानवात एक झाले असावे.

१३. हे विधान खोटे ठरू शकले असते, आणि तेच त्याचे मोल. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचे विशिष्ट डीएनए-क्रम असतात आणि एक गुणसूत्रबिंदू असतो. दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडली गेली असतील, तर टोकाची खूण मधोमध सापडली पाहिजे आणि दुसऱ्या, निष्क्रिय गुणसूत्रबिंदूचे अवशेषही. मानवाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमके हेच सापडले. चिंपांझीची दोन गुणसूत्रे त्याच्याशी भागशः जुळतात. चिंपांझीचा जनुकीय आराखडा तर खटल्याच्या काही आठवडे आधीच प्रसिद्ध झाला होता.

१४. दुसरा निर्णायक पुरावा प्रयोगशाळेतला नव्हता. तो कागदपत्रांतला होता. तत्त्वज्ञ बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’ पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयापुढे उलगडले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत ‘सृष्टिनिर्मिती’ असा शब्द होता. निकालानंतर सुमारे १५० ठिकाणी त्याच्या जागी ‘बुद्धिमान रचना’ आली. व्याख्या मात्र तीच राहिली. एका मसुद्यात तर शब्द बदलताना गफलत झाली: ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ या नव्या शब्दांच्या मागेपुढे ‘क्रिएशनिस्ट्स’ या जुन्या शब्दाची अक्षरे तशीच चिकटून राहिली होती. स्थित्यंतराच्या मधल्या अवस्थेचा असा ठसठशीत जीवाश्म क्वचितच मिळतो.

१५. मग उलटतपासणीत बिही यांना विचारले गेले: सिद्धांताची तुमची व्याख्या कोणती? ‘बुद्धिमान रचना’ बसावी म्हणून त्यांनी व्याख्या सैल केली होती. त्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल का, या प्रश्नावर त्यांना होकार द्यावा लागला. प्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीचे स्पष्टीकरण विज्ञानाकडे नाही असे ते म्हणत. त्यांच्यापुढे त्या विषयावरील ५८ शोधनिबंध आणि काही पुस्तके ठेवली गेली. ती पुरेशी नाहीत, असे त्यांचे उत्तर होते.

१६. निकाल २० डिसेंबर २००५ रोजी आला. ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नाही, ती सृष्टिनिर्मितीवादाची नवी आवृत्ती आहे आणि मंडळाचे धोरण धर्म व शासन यांच्यातील घटनात्मक मर्यादा ओलांडते, असे जोन्स यांनी नमूद केले. डार्विनचा सिद्धांत अपूर्ण आहे हेही त्यांनी मान्य केले. परंतु त्यातले सर्व काही अजून उलगडलेले नाही, म्हणून न तपासता येणारी धार्मिक कल्पना विज्ञानाच्या वर्गात आणण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्या हेतूंविषयी काही सदस्य शपथेवर खोटे बोलले, असा स्पष्ट ठपकाही त्यांनी ठेवला.

१७. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी धोरणाच्या समर्थक अशा आठही सदस्यांना घरी बसवले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. पालकांच्या वकिलांचा खर्च २० लाख डॉलरहून अधिक झाला होता. तडजोडीने १० लाख डॉलर देण्याचे ठरले. तो भार शाळेच्याच तिजोरीवर पडला. न्या. जोन्स यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि काही काळ त्यांना संरक्षण द्यावे लागले.

१८. या निकालाने उत्क्रांती ‘खरी ठरली’ असे म्हणणे मात्र चूक आहे. न्यायालयाचा शिक्का हा वैज्ञानिक पुरावा नव्हे. उद्या उलट निकाल आला असता तरी दुसऱ्या गुणसूत्रातील ती खूण जागची हलली नसती. शाळामंडळाचे ६ विरुद्ध ३ मत आणि न्यायाधीशांचे एक मत, दोन्ही निसर्गाला बांधील करू शकत नाहीत. न्यायालयाने फार तर इतकेच केले: पुराव्याला बोलण्यासाठी जागा दिली आणि शब्दांच्या आड लपलेले हेतू उघडे केले.

१९. हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे; माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही; अभ्यासक्रम बदलावा. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून याचे खंडन केले. उत्क्रांतीचा सिद्धांत आजच्या माकडाचा माणूस झाला असे म्हणतच नाही; तो समान पूर्वज सांगतो. आणि ‘कोणी पाहिले’ याचे उत्तर गुणसूत्रांतल्या खुणा देतात.

२०. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला; शीर्षकात उरली ती केवळ आनुवंशिकता. विद्यार्थ्यांवरील भार कमी करणे हे दिलेले कारण. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांची गाठ त्याच्याशी पडणार नाही. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्राद्वारे विरोध नोंदवला. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. हाल्डेनच्या पिढीने जोडलेली ती जोडी तेथे एकत्रच नांदते.

२१. मराठीकडे या वादासाठी एक अस्सल साधन आहे. ‘सिद्धांत’ म्हणजे सिद्ध झालेला अंत: शंका, आक्षेप, प्रतिवाद यांतून गेल्यावर हाती येणारा निष्कर्ष. भारतीय ज्योतिर्गणिताच्या ग्रंथांना हेच नाव होते. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ त्याच परंपरेतला. ‘केवळ एक सिद्धांत’ ही शब्दयोजनाच मराठीत अडखळते. उलट ‘उत्क्रांतिवाद’ हा रूढ शब्द घोटाळा करतो, कारण ‘वाद’ म्हटले की मताचा किंवा पंथाचा भास होतो. ‘उत्क्रांतीचा सिद्धांत’ हेच अधिक नेमके.

२२. डोव्हरच्या विद्यार्थ्यांना सांगितले गेले की सिद्धांत म्हणजे दुबळी गोष्ट. त्याच निवेदनातली व्याख्या, शिक्षकांचे पत्र आणि न्यायालयातले एक गुणसूत्र यांनी उलट सांगितले: सिद्धांत म्हणजे आपण कुठे चुकीचे ठरू शकतो हे आधी जाहीर करून कसोटीला उभे राहिलेले ज्ञान. एखाद्या कल्पनेला सिद्धांत म्हणावे की नाही हे ठरवताना विचारायचा प्रश्न म्हणून एकच: काय सापडले तर ही खोटी ठरेल? ज्या कल्पनेकडे याचे उत्तर नाही, तिला कोणतेही नाव दिले तरी ती विज्ञानाच्या तासाला बसू शकत नाही.

(धागा समाप्त)