अफवा आणि उंबरठा



शाळा मी सातवीत सोडली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. आजाऱ्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. तेथे रोगी मुद्दाम मारतात अशी वदंता पसरली आणि ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु परका मनुष्य घरात शिरतो, आपले माणूस नेतो आणि कोणी काही समजावून सांगत नाही, तेव्हा त्या रिकाम्या जागी अफवाच येऊन बसते. १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हा शहर संतापले ते उंबरठ्याच्या या अपमानामुळेही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याचे मोबाइलवरून फिरत होते. मधल्या काळात शाळा आल्या, रस्ते आले. विचारून पाहण्याची सवय मात्र आली नाही.

आणि मोबाइलला उंबरठाही नाही. एका कारखान्यातील उमेदवार मुलीचे छायाचित्र कोणी खोटा मजकूर जोडून पसरविले. ती माझ्याकडे आली. मी पहिला प्रश्न केला, "फोटो काढू कशाला दिलास?" ती उठून गेली, चार दिवस कामावर आली नाही. शेवटी तिच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. चोरी झालेल्याला आपण "घर बांधलेस कशाला?" असे विचारतो काय?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण हक्क बजावायला पाठीशी माणूस लागतो. मुलाने वा मुलीने तक्रार आणली की आधी ऐकून घ्यावे. तो मजकूर तारखेसह पुराव्यासाठी जपावा. मग त्यांच्यासोबत आपण पोलीस ठाण्याची पायरी चढावी.

संपात अफवा उठते, "अमुक खाते कामावर गेले!" तेव्हा आम्ही भाषण करीत नाही. दोन माणसे गेटवर पाठवितो आणि ती परत येईपर्यंत कोणी जागचे हलत नाही. तरुणांनो, मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी एवढेच करा: गेटवर जाऊन पाहून या.