ग्लुटामेटचं गोत्र

बेंगळुरूच्या कोरमंगलात गोबी मंचुरियनच्या गाडीवर उभं राहिलं की कुणीतरी मराठी माणूस मोडक्या कन्नडमध्ये बजावतोच, "अण्णा, अजिनोमोटो बेडा!" म्हणजे नको. ते डोक्यात जातं, अशी त्याची खात्री असते. खरं तर अजिनोमोटोतलं ग्लुटामेट बहुतेक आतड्यांतच खर्ची पडतं आणि उरलेल्याला रक्तातून मेंदूत सहजी शिरता येत नाही. मेंदू स्वतःचं ग्लुटामेट स्वतःच तयार करतो. गोत्र मात्र एकच.

१८६६ मध्ये कार्ल रिटहाउझेन या जर्मन रसायनज्ञाने गव्हाच्या ग्लुटेनमधून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदांना कोंबू या समुद्री शेवाळाच्या कटाची चव त्याचीच असल्याचं कळलं. पुढच्याच वर्षी अजिनोमोटो बाजारात आलं. मेंदूशी नातं जुळलं तेही जपानमध्ये. ताकाशी हायाशींनी कुत्र्यांच्या मेंदूत सोडियम ग्लुटामेट टोचलं, तर त्यांना झटके आले. १९५९ मध्ये कॅनबेरात कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी ग्लुटामेटने चेतापेशी चेतवून दाखवल्या. तरी हे रसायन पेशींचे निरोप पोचवतं, हे मानायला बरीच वर्षं कुणी तयार नव्हतं. जे प्रत्येक पेशीत सापडतं, ते कसला निरोप देणार!

पुढे ते मान्य झालं, तरी व्यसनाच्या अभ्यासात सगळा मान डोपामिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा. उंदराला कोकेन किंवा अँफेटामिन रोज तेवढंच टोचलं, तरी त्याची धावपळ दिवसागणिक वाढत जाते. १९८९ मध्ये युटा विद्यापीठात ते टोचण्याआधी एमके-८०१ देऊन पाहिलं. हे द्रव्य ग्लुटामेटचा निरोप झेलणाऱ्या एनएमडीए या ग्राहीला (रिसेप्टरला) अडवतं. वाढ थांबली. पहिल्या दिवसाची झिंग डोपामिनची असेल, पण ती दिवसेंदिवस चढत जायला ग्लुटामेट लागतं. आठवणी पक्क्या करणारा ग्राहीही हाच एनएमडीए. एमके-८०१ स्वतःच उंदरांना झिंगवतं, त्यामुळे वादही पुष्कळ झाले. मला जास्त पटतो तो २००१ चा प्रयोग. ग्लुटामेटचा एमग्लुआर-५ हा ग्राही जन्मतःच नसलेल्या उंदरांमध्ये कोकेनने डोपामिन नेहमीसारखं वाढलं, पण ते धावले नाहीत आणि त्यांनी स्वतःहून कोकेन घेतलंही नाही.

आपल्याकडचा धागा नागपूरजवळच्या कामठीचा. तंबाखूच्या खर्ऱ्याच्या मुलखात निकोटिनवर काम व्हावं हे रास्तच. तिथल्या श्रीमती किशोरीताई भोयर फार्मसी कॉलेजात अॅग्मॅटिनवर प्रयोग झाले. हे द्रव्य अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन जीवरसायनज्ञाला १९१० मध्ये हेरिंग माशाच्या शुक्रपेशींत सापडलं होतं. तेही एनएमडीए ग्राहीला अडवतं. पिंजऱ्याच्या ज्या कप्प्यात निकोटिन मिळतं त्याच कप्प्यात उंदीर रेंगाळू लागतो. अॅग्मॅटिन दिल्यावर ही ओढ कमी झाली. २०१४ च्या निबंधात संशोधकांनी श्रेय मात्र न्यूरोपेप्टाइड वाय या वेगळ्याच रेणूच्या यंत्रणेला दिलं. एकाच द्रव्याला मेंदूत इतकी दारं उघडी असतात.

कोकेनच्या बाबतीत पिंजऱ्यापासून दवाखान्यापर्यंतची वाट अजून झालेली नाही. एमके-८०१ ने उंदरांच्या चेतापेशींना इजा होते असं दिसलं आणि ते औषध म्हणून कधीच आलं नाही. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही.