जुराचे पिवळे मद्य आणि त्याचा आहार

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंडला लागून, जुरा पर्वताची रांग पसरलेली आहे. हा प्रदेश पूर्वी फ्रांश-कोंते या परगण्यात मोडत असे. १६७८ च्या नायमेगेनच्या तहाने तो फ्रान्सकडे आला. या रांगेच्या पश्चिम उतारांवर ‘व्हँ झोन’, म्हणजे ‘पिवळे मद्य’, तयार होते. कोणत्या मद्यासोबत कोणते अन्न घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः केवळ रुचीचा मानला जातो. जुराच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर रुचीइतकेच त्या भूमीच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते.

हे मद्य ‘साव्हान्यँ’ या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांपासून करतात. आंबविलेला रस ओकच्या पिंपात भरून सहा वर्षे व तीन महिने ठेवण्याची परंपरा आहे. या काळात जे मद्य बाष्परूपाने उडून जाते, त्याची भर घातली जात नाही. पिंपात अशी पोकळी राहिली की मद्याच्या पृष्ठभागावर किण्वाची पातळ साय धरते. तिला तेथे ‘व्वाल’, म्हणजे ‘पडदा’, म्हणतात. एका लिटरपैकी अखेर सुमारे ६२ सेंटिलिटर उरते, असा हिशेब आहे, आणि ‘क्लाव्हलँ’ नावाची त्याची बुटकी बाटली नेमक्या तेवढ्याच मापाची असते. जुन्या काळी या मद्यास ‘व्हँ द गार्द’, म्हणजे ‘राखून ठेवण्याचे मद्य’, असेही म्हणत. आजचे नाव रंग सांगते. जुने नाव कृती सांगत होते.

इतरत्र अशी साय धरणे हा मद्याचा दोष समजला जातो. या संदर्भात लुई पाश्चर याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्याचा जन्म १८२२ मध्ये याच प्रदेशातील दोल येथे झाला व बालपण आर्ब्वा या गावी गेले. तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून १८६३ मध्ये त्याने मद्याच्या रोगांचा अभ्यास आरंभिला, आणि १८६६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मद्यावर येणारी साय आणि मद्याचा शिरका करणारा सूक्ष्मजीव हे परस्परांहून भिन्न आहेत, हे त्याने स्पष्ट केले. जुराचे द्राक्षबागाईतदार अनुभवाने जो भेद पाळीत होते, त्याला अशा रीतीने शास्त्राचा आधार मिळाला.

आता आहाराकडे वळू. उतारांवर द्राक्षबागा, तर वरच्या पठारावर गाईंची कुरणे, अशी येथील भूमीची वाटणी आहे. कडक व दीर्घ हिवाळ्यात दूध टिकविण्याचा उपाय म्हणजे मोठ्या चकत्यांचे ‘कोंते’ चीज. अशा एका चकतीस सुमारे ४०० लिटर दूध लागते. ते एका घरच्या गाईंकडून मिळणे अशक्य. म्हणून गावकऱ्यांनी दूध एकत्र करण्याच्या संस्था उभारल्या. त्यांना ‘फ्रुइतिएर’ म्हणतात, आणि त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. मद्य काय किंवा चीज काय, दोन्ही वस्तू तळघरात दीर्घकाळ राखूनच सिद्ध होतात. मुरलेल्या कोंतेला अक्रोडासारखी चव येते. पिवळ्या मद्यालाही तीच. त्यामुळे कोंते, अक्रोड आणि पिवळे मद्य हा मेळ तेथे रूढ झाला. साय, मोरेल जातीच्या अळंब्या व हेच मद्य घालून शिजविलेला कोंबडा हे तेथील प्रसिद्ध पक्वान्न होय. सायीतील स्निग्धता मद्याची तीव्र आंबट चव सौम्य करते. या मद्यास विशिष्ट गंध देणारे ‘सोटोलॉन’ हे द्रव्य मेथीच्या दाण्यांतही असते. मराठी वाचकास त्या गंधाची कल्पना यावरून सहज करता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने येथील बागा उद्ध्वस्त केल्या. सुमारे २०,००० हेक्टरांचे ते क्षेत्र आज जेमतेम २,००० हेक्टरांच्या आसपास आहे. उरलेल्यांना नावाचे मोल अधिकच कळले असावे. आर्ब्वा व शातो-शालों या दोन्ही नावांना १९३६ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. कोंतेला ते १९५८ च्या आदेशाने लाभले. शातो-शालोंच्या उत्पादकांनी १९७४, १९८०, १९८४ व २००१ या वर्षी पीक निकृष्ट ठरल्याने ते नाव वापरण्याचा हक्कच सोडून दिला.

स्थलनाम येथे केवळ ओळख पटविणारी खूण राहत नाही. ते ग्राहकास दिलेले वचन ठरते. वाईट वर्षी ते नाव न उच्चारणे, हाही ते वचन पाळण्याचाच एक प्रकार होय.