शब्दांचा निसाब



अल्लाहने हजरत आदम यांना सर्व वस्तूंची नावे शिकविली, असा उल्लेख कुरआन शरीफातील सूरह बकरामध्ये आहे. म्हणजे माणसाच्या शिक्षणाचा आरंभच मुळी शब्दांपासून झाला. पण आज आपली मुले ज्या विषयाला सर्वांत जास्त घाबरतात तो विषयही शब्दांचाच, म्हणजे इंग्रजीचा आहे. घरात उर्दू किंवा दखनी, गल्लीत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणारे मूल व्याख्या, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न आला की गडबडून जाते. "ही साहेबाची विद्या, आपल्याला कशी जमणार?" असे पालकही म्हणतात आणि शाळा सोडण्याचा विचार तेथूनच सुरू होतो. ही विद्या खरोखरच परकी आहे काय, हे इतिहासाला विचारून पाहू.

आपले पूर्वज ज्या मकतबांत शिकले तेथे हीच पद्धत शेकडो वर्षे चालू होती. तेराव्या शतकात, आज अफगाणिस्तानात असलेल्या फराह येथील अबू नस्र फराही यांनी 'निसाबुस्सिब्यान' नावाचा पद्यकोश रचला. अरबी शब्द व त्याचा फारसी प्रतिशब्द बैतांत गुंफलेला, मुलांनी तो गात गात पाठ करावा, अशी त्याची योजना. 'सिब्यान' म्हणजे मुले आणि 'निसाब' म्हणजे ज्या मर्यादेला पोचल्यावर जकात द्यावी लागते ती मालमत्ता. चांदीचा निसाब दोनशे दिरहमांचा आणि हा कोशही दोनशे बैतांचा! शब्द ही मुलांची दौलत आहे, हे त्या शिक्षकाने नावातूनच सांगून ठेवले.

पुढे हिंदुस्थानात 'खालिक बारी' हा असाच पद्यकोश लोकप्रिय झाला. परंपरेने तो अमीर खुसरोंच्या नावावर आहे. काही संशोधक तो जहांगीरच्या काळातील दुसऱ्या एका खुसरोचा मानतात. त्यात अरबी, फारसी आणि हिंदवी शब्द शेजारी शेजारी बसविलेले आहेत. 'खालिक' आणि 'बारी' या दोन्ही शब्दांचा अर्थ 'निर्माण करणारा' असाच आहे, म्हणजे ग्रंथाचे नावच समानार्थी शब्दांची जोडी होय. एकोणिसाव्या शतकात खुद्द मिर्झा गालिब यांनी मुलांसाठी 'कादिरनामा' लिहिला तो याच वळणाचा. तिकडे संस्कृत पाठशाळांत विद्यार्थी अमरकोश मुखोद्गत करीत होते. मौलवीसाहेब आणि शास्त्रीबुवा, दोघांचीही वाट एकच होती.

आता इंग्लंडकडे वळू. केवळ इंग्रजीतच अर्थ देणारा पहिला छापील कोश म्हणून ज्याचा मान आहे, तो रॉबर्ट कॉड्री याने इ. स. १६०४ मध्ये, शेक्सपिअर हयात असताना प्रसिद्ध केला. कॉड्री हा शाळामास्तर व धर्मोपदेशक. वरिष्ठांशी मतभेद झाल्याने त्याचे उपदेशकाचे पद गेले होते. त्याच्या कोशात सुमारे अडीच हजार कठीण शब्द असून पुढे सोपे समानार्थी शब्द दिले आहेत. हे पुस्तक कोणासाठी? ज्यांना लॅटिनचे शिक्षण मिळाले नाही अशा स्त्रियांसाठी व सामान्य माणसांसाठी. विद्येचा दरवाजा ज्यांना बंद होता त्यांच्या हातात दिलेली ती किल्ली होती.

दीडशे वर्षांनी डॉ. सॅम्युअल जॉन्सन पुढे आला. पुस्तकविक्रेत्याचा हा मुलगा. पैशाअभावी त्याला ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले आणि त्याने काढलेली शाळाही बंद पडली. इ. स. १७४६ मध्ये त्याने कोशाचे काम पत्करले आणि १७५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे बेचाळीस हजार शब्द आणि लाखावर अवतरणे! शब्दाची व्याख्या तर द्यायचीच, पण थोर लेखकांनी तो वाक्यात कसा वापरला तेही दाखवायचे, ही त्याची पद्धत. मात्र 'नेटवर्क' या साध्या शब्दाची व्याख्या त्याने मूळ शब्दापेक्षाही अवघड शब्दांत केली आणि लोकांना हसायला विषय मिळाला. व्याख्या नेहमी सोप्या शब्दांत हवी, हा धडा आम्हा शिक्षकांनी त्यातून घ्यावा.

तिसरा मानकरी डॉ. पीटर मार्क रॉजेट. या वैद्याने १८०५ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांच्या याद्या करण्यास सुरुवात केली आणि १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचा ग्रंथ छापला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नसून अर्थानुसार सुमारे हजार गटांत मांडले आहेत आणि परस्परविरोधी कल्पना शक्य तेथे समोरासमोर ठेवल्या आहेत. विशेष म्हणजे आपल्या आधीच्या अशा प्रयत्नांत रॉजेटने प्रस्तावनेत पहिला उल्लेख केला तो अमरकोशाचा. कोलब्रुकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले होते. ज्याला आपण साहेबाची विद्या म्हणतो, तिने आपल्या देशाचे ऋण असे मोकळेपणाने मान्य केले आहे! विरुद्धार्थी शब्दाला 'अँटनिम' हे इंग्रजी नाव तर त्यानंतर, १८६७ मध्ये चार्ल्स जॉन स्मिथच्या पुस्तकाने रूढ केले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तीत सुमारे साठ हजार शब्द असून अरबी व फारसी मुळांच्या शब्दांपुढे तशी खूण आहे. अर्ज, हरकत, वसूल, जमीन हे शब्द आपल्या मुलांना घरातच भेटतात. एका शब्दावरून दुसऱ्या भाषेतील शब्दाकडे जाण्याची सवय त्यांना उपजतच असते. ती ओळखायला आपण शिक्षक कमी पडू नये.

मग अभ्यास कसा करावा? नुसती जोडी पाठ करून भागत नाही. 'ऑर्फन' म्हणजे 'यतीम' असे मूल घोकते. परंतु शरीअतमध्ये यतीम म्हणजे ज्याचे वडील वारले ते अल्पवयीन मूल. इंग्रजी शब्दात बहुधा आई आणि वडील दोघेही हयात नसलेले मूल अभिप्रेत असते. हा फरक प्रतिशब्दात लपतो, व्याख्येत उघड होतो. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोन्ही बारीकच. पण स्थळ सांगताना आपण मुलीला 'सडपातळ' म्हणतो, 'हडकुळी' म्हणत नाही! तसेच 'ओल्ड' चा विरुद्धार्थी शब्द माणसाला लावायचा तर 'यंग' आणि पुस्तकाला लावायचा तर 'न्यू'. म्हणून रोज पाचच शब्द घ्यावेत. प्रत्येकाची सोपी व्याख्या, एक सोबती, एक विरोधक आणि स्वतःचे एक वाक्य वहीत लिहावे. गाइडमधील शंभर जोड्यांपेक्षा हे पाच शब्द अधिक टिकतात.

शेवटी पुन्हा निसाबाकडे येऊ. दौलत निसाबाला पोचली की तीत गरिबांचा हक्क निर्माण होतो. इल्मलाही हीच उपमा लावावी असे मला वाटते. दहावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मगरिबनंतर अर्धा तास मोहल्ल्यातील पाचवी-सहावीच्या दोन मुलांना जवळ बसवून आपल्या वहीतील पाच शब्द सांगावेत. त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदानही लागत नाही. आणि ही अशी जकात आहे की, देणाऱ्याच्या वहीतून एकही शब्द कमी होत नाही.