जिवंत सोडलेला शत्रू

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की शेमडीजवळ डावीकडे फाटा फुटतो. तो चावणीला जातो. तिथे अंबा नदीच्या पात्रात उंबरखिंडीच्या लढाईचं स्मारक उभं आहे. माझ्या सातवीच्या वर्गाला मी इथे घेऊन येतो. ही लढाई फळ्यावर नकाशा काढून कळत नाही. खाली उभं राहून मान वर करावी लागते, सह्याद्रीची भिंत बघावी लागते.

१६६१ साल उजाडलं तेव्हा शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन होता. उत्तर कोकण घ्यायला त्याने उझबेक सरदार कारतलबखानाला पाठवलं. सोबत माहूरची सरदारीण रायबागन होती. फौज कुरवंड्याच्या घाटाने उतरली. खाली दाट झाडी, दोन्ही अंगांना डोंगर आणि मधून एक चिंचोळी वाट. मराठे आधीच दबा धरून बसले होते. सगळी फौज खिंडीत शिरल्यावर पुढची वाट अडवली गेली, मागचीही बंद झाली. माणसं पुष्कळ होती, पण फळी धरून लढायला जागाच नव्हती. २ फेब्रुवारीला खान शरण आला. शिवाजी महाराजांनी खंडणी घेतली, सामानसुमान ठेवून घेतलं आणि त्याला जिवंत परत जाऊ दिलं.

ही हकिकत कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. परमानंद महाराजांच्याच पदरचा कवी. शत्रूला मूर्ख किंवा राक्षस ठरवायला त्याला कोणाचीच आडकाठी नव्हती. तरी त्याने या प्रसंगातली सगळ्यात शहाणी गोष्ट शत्रूच्या बाजूच्या बाईच्या तोंडी घातली. रायबागन खानाला सुनावते, की शिवाजीच्या रानात फौज घालून तू चूक केलीस, आता शरण जा आणि स्वतःला व सैन्याला वाचव. खान ऐकतो. म्हणजे त्यालाही परिस्थिती कळते, भीती वाटते, बरोबरच्या माणसांचा जीव मोलाचा वाटतो. विजेत्याच्या कवीने हरलेल्या माणसाची अक्कल शाबूत ठेवली.

मी हे सांगून संपवलं की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, मग खानाला मारलं नाही?’ तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात. त्यांनी शत्रू पाहिलेला असतो तो पडद्यावर, आणि पडद्यावरचा शत्रू शेवटी मरतोच.

हा पडदा आमच्यापासून लांब नाही. चौक-कर्जत भागात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला तिथेच बांधला गेला, ‘पानिपत’साठी शनिवारवाडाही तिथेच उभा राहिला. खरी लढाई जिथे झाली त्याच तालुक्यात लढायांचे सिनेमे तयार होऊ लागले. म्हणून खलनायक कागदावरून पडद्यावर येताना कसा बदलतो, हा प्रश्न मला आमच्या मातीतलाच वाटतो.

उदेभान राठोडाचं उदाहरण घ्या. सभासदाच्या बखरीत तो सिंहगडाचा राजपूत किल्लेदार आहे. सभासद त्याला आणि गड घ्यायला आलेल्या तानाजीला एकाच पंगतीत बसवतो. दोघेही मोठे योद्धे, दोघेही एकमेकांशी लढताना पडले. उदेभानाबद्दल वाईट शब्द नाही. पुढे हरी नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली, तेव्हा कथेत कमलकुमारी आली, उदेभानाची तिच्यावरची वासना आली. कादंबरीला ते हवं होतं, कारण किल्लेदार नुसतं आपलं काम करत असेल तर वाचकाला त्याचा राग येत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये आणि शांतारामबापूंनी १९३३ मध्ये याच कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. २०२० च्या ‘तान्हाजी’त ती स्त्री कमलदेवी म्हणून पुन्हा आली आणि उदेभान क्रूर, विक्षिप्त होऊन बसला. बखरीतला तोलामोलाचा योद्धा तेवढा मागे राहिला.

मुलं ज्यांच्यावर जीव टाकतात त्या परदेशी सुपरहिरोंच्या शत्रूंचंही हेच झालं आहे. जोकर १९४० पासून बॅटमनच्या कॉमिकमध्ये आहे. बॅटमनच्या आईवडिलांना मारणारा तिथे जो चिल नावाचा एक साधा गुंड आहे. १९८९ च्या सिनेमाने तो खून जोकरच्याच नावावर टाकला आणि शेवटी त्याला मारलं. कॉमिकला पुढच्या महिन्याचा अंक काढायचा असतो, म्हणून तिथला शत्रू निसटतो, परत येतो. सिनेमाला दोन तासांत हिशेब मिटवायचा असतो.

पण बदल म्हणजे नेहमी बिघाडच असं मी म्हणणार नाही. कॉमिकमधला थानोस साक्षात मृत्यूच्या प्रेमात पडून अर्धी सृष्टी मारतो. २०१८ च्या सिनेमात तो विश्वात सगळ्यांना पुरेल इतकं नाही म्हणून मारतो. त्याचं म्हणणं चूक आहे, पण त्याच्याशी वाद घालावा लागतो. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक पँथर’ने किलमाँगरला नायकाचा सख्खा चुलतभाऊ केलं आणि अमेरिकेतल्या ओकलंडच्या वस्तीत वाढवलं. त्याचा राग ऐकून नायक असलेल्या राजालाही आपल्या राज्याची चूक कळते. इथे बदलाने शत्रूला बुद्धी दिली, दुःख दिलं. परमानंदाने केलं ते हेच.

बदल कोणत्या दिशेने होतो, हे म्हणूनच बघायला हवं. ‘पानिपत’च्या वेळी अब्दालीच्या चित्रणाबद्दल अफगाणिस्तानातून चिंता व्यक्त झाली, कारण आपल्याकडचा आक्रमक तिकडे राष्ट्राचा पिता आहे. आम्हाला तर त्यासाठी परदेशात जायलाही नको. सरनौबत नेताजी पालकरांना चौक गाव आपला सुपुत्र मानतं. तेच नेताजी १६६६ मध्ये महाराजांपासून दुरावले, आदिलशाहीत आणि मग मोगलांकडे गेले. तिथे कैद झाले, धर्मांतर झालं, मुहम्मद कुलीखान म्हणून दूर काबूलच्या बाजूला त्यांची रवानगी झाली. १६७६ मध्ये ते परत आले आणि महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतलं. मधल्या दहा वर्षांचा सिनेमा काढला तर त्यांना कुठल्या बाजूला उभं करणार? महाराजांनी त्यांना शत्रूच्या खात्यात कायमचं मांडलं असतं, तर परतीची वाटच उरली नसती.

मुलांना मी मग खानाला सोडण्याचा अर्थ उलगडून सांगतो. कोंडलेली फौज कापली असती, तर मराठ्यांचीही माणसं गेली असती. पैसा आणि सामान आणखी न लढताच हाती आलं. आणि हरलेली, हात रिकामे झालेली फौज पुण्याला पोचली, तेव्हा खिंडीत काय झालं ते सांगायला शेकडो तोंडं होती. दया आणि राजकारण त्या दिवशी एकाच निर्णयात बसली.

उंबरखिंडीवर कोणी मोठा सिनेमा काढला, तर मला आनंदच होईल. पोशाख चुकले, घाटाच्या जागी दुसरा डोंगर दाखवला, तरी चालेल. पण रायबागनला तिचं बोलणं पुरतं बोलू द्या, खानाला ते समजू द्या, आणि शेवटी त्याला कुरवंड्याची चढण चढून जिवंत परत जाऊ द्या. त्याला मारलंत तर लढाई तीच राहील, महाराज मात्र दुसरेच कोणी होतील.