हिरवी रेघ आणि सोनिवलीचा पत्ता

मंडळी, पन्नास-साठ हजारांचा फोन, आणि अपडेट टाकल्यावर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ! वनप्लसच्या बऱ्याच ग्राहकांनी २०२३-२४ मध्ये हे भोगलं. सोशल मीडियावर आरडाओरडा झाला, आणि कंपनीने भारतात काही जुन्या मॉडेल्सचे स्क्रीन फुकट बदलून दिले.

पण आपल्याकडे ग्राहक त्याआधीपासून भांडतोय. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेव्हा शेजारीपाजारी मिळून वाणसामान घ्यायचे. फोन म्हणाल तर लँडलाइनसुद्धा नशिबात असावा लागे. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात एक मेख होती. तक्रार करायची ती कंपनीचं ऑफिस असेल तिथे, नाहीतर व्यवहार घडला तिथे. आता ऑनलाइन मागवलेल्या फोनचा व्यवहार नेमका घडला कुठे? यावरच वाद!

२०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालू लागली. म्हणजे सोनिवलीकरांसाठी ठाणे, बदलापूरहून एक लोकल. मला विचाराल तर फुकट स्क्रीनपेक्षा हे मोठं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, मुदत दोन वर्षं. बिल मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या ढिगाऱ्यात हरवू देऊ नका.