बंदुकीच्या चोकाचें मापन व त्याचें साधन

इंग्लंडांत तयार झालेल्या जुन्या छऱ्यांच्या बंदुकांचें वर्णन करतांना संग्राहकांच्या याद्यांत "फुल चोक", "हाफ चोक" अशा नोंदी आढळतात. ही नोंद कोणत्या साधनानें निश्चित केली हें मात्र बहुधा सांगितलेलें नसतें. पोथीचा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला हें न सांगतां तो छापावा, तसाच हा प्रकार होय. प्रस्तुत लेखांत आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, चोक हें एक माप नसून दोन मापांमधील अंतर आहे. म्हणून जें साधन एकच माप देतें तें चोकाचें साधन नव्हे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळ मुद्दाम ठेवलेला संकोच. त्यायोगें छर्रे लवकर पांगत नाहींत व दूरवर दाट पडतात. या युक्तीच्या श्रेयाविषयीं वाद आहे. न्यूकॅसल येथील डब्ल्यू. आर. पेप याचें पेटंट १८६६ चें आहे. अमेरिकेंतील सिल्व्हेस्टर रोपर यानें नळीच्या तोंडास लावावयाच्या सुट्या चोकाचें पेटंट १८६८ मध्यें घेतलें. इलिनॉय संस्थानांतील शिकारी फ्रेड किंबल यानेंही स्वतंत्र शोधाचा दावा केला. परंतु लंडनच्या 'फील्ड' पत्रानें १८७५ सालीं घेतलेल्या कसोटींत बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्या चोकाच्या बंदुका सरस ठरल्या, तेव्हांपासून ही रीत सर्वत्र रूढ झाली.

आतां मापाकडे वळूं. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या असतां एका गोळीचा जो व्यास होतो, तो १२ बोअर, म्हणजे ०.७२९ इंच. याच रीतीनें १४ बोअर ०.६९३ इंच होते. चोक इंचाच्या हजाराव्या भागांनीं मोजतात. त्या भागास येथें सहस्रांश म्हणूं. इंग्लिश कारागिरांच्या ढोबळ प्रमाणानें ४० सहस्रांश म्हणजे फुल, २० म्हणजे हाफ व १० म्हणजे क्वार्टर चोक होय.

इंग्लंडांतील परीक्षागृहांच्या शिक्क्यांवरूनही हें अंतराचें तत्त्व स्पष्ट होतें. १८७५ च्या नियमांनुसार चोकाच्या नळीवर "गोळीसाठीं नव्हे" या अर्थाचे इंग्रजी शब्द व त्यांसोबत नळीचें आणि तोंडाचें अशीं दोन मापें उठविलीं जात. १२ व १४ हे आंकडे आढळल्यास अंतर सुमारें ३६ सहस्रांश समजावें. १८८७ च्या नियमांनीं "चोक" हा शब्द उठविण्याची पद्धति आली. बोअरचा शिक्का खजिन्याकडील टोंकापासून ९ इंचांवर असलेल्या व्यासाचा असे. १९५४ पासून हा व्यास दशांश इंचांत देऊं लागले. तत्पूर्वीच्या शिक्क्यांत मात्र एक मेख आहे. "१२" या शिक्क्याची नळी ०.७२९ पासून ०.७४० च्या आंत कितीही असूं शके. त्याहून अरुंद, परंतु ०.७१९ किंवा अधिक, तिला "१३/१" असा शिक्का मिळे.

याचा परिणाम पाहावा. नळी ०.७३९ व तोंड ०.७१९ असेल तर खरा चोक २० सहस्रांश, म्हणजे हाफ; ०.७२९ हेंच प्रमाण धरणारा तो १०, म्हणजे क्वार्टर, असा लिहील. उलट नळी ०.७१९ व तोंड ०.७०९ असेल तर खरा चोक क्वार्टर, आणि नोंद होईल हाफ. एकदां यादींत शिरलेली अशी चूक लेखकप्रमादाप्रमाणें पुढील प्रत्येक यादींत उतरत जाते.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तोंडांत घालावयाची निमुळती पितळी पट्टी. ती १२ बोअर म्हणजे ०.७२९ असें गृहीत धरूनच आंखलेली असते. शिवाय ती फक्त कांठास टेकते, आणि कांठ ठेंचलेला असल्यास वाचन फसतें. व्हर्नियर कॅलिपरचे सपाट जबडे नळीच्या वक्र भिंतीस नीट बसत नाहींत, म्हणून माप किंचित् कमी येतें. तें खोलवर पोंचतही नाहीं. दोन बाजूंस फांकणारें गेज व मायक्रोमीटर ही जोडी खात्रीची. परंतु तिलाही हाताचा सराव लागतो, व तिची पोंच तोंडाजवळच संपते.

तबकडी व लांब दांडा असलेलें बोअर-गेज हेंच आमच्या मतें ग्राह्य होय. प्रमाणित कड्यांत घालून त्याचा कांटा शून्यावर आणावा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून व नळी आंतून पुसून ९ इंचांवरील व्यास घ्यावा. मग गेज हळूहळू तोंडाकडे आणीत सर्वांत अरुंद स्थान शोधावें, कारण तें नेहमीं कांठावरच असतें असें नाहीं. प्रत्येक ठिकाणीं काटकोनांत दोन वाचनें घ्यावीं. त्यांत फरक पडल्यास नळी दबलेली किंवा लांबट गोल झालेली आहे असें समजावें. कांहीं नळ्यांत तोंडामागें आंतून खळगा कोरून चोक साधलेला असतो. तेथें तोंडाचें माप नळीइतकेंच येतें, व खळगा हें गेजच दाखवितें.

"चोक" असा शिक्का असून अंतर शून्य निघालें, तर नळी कापली गेली किंवा आंतून पुन्हां कोरली गेली, हा संशय बळावतो. अशा वेळीं नळीची लांबीही तपासावी, आणि भिंतीची जाडी मोजल्यावांचून ती बंदूक कोणीं झाडूं नये.

अखेर, माप म्हणजे फळ नव्हे. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत किती छर्रे पडले यावरूनच चोकाची परीक्षा होते. ढोबळ मानानें फुल चोकास शेंकडा ७०, हाफला ६० व चोक नसलेल्या नळीस ४० असें प्रमाण धरतात. पण संग्रहांतील पुष्कळ बंदुका पुन्हां झाडावयाच्या नसतात. त्यांचें वर्तन सांगणारा पुरावा हीं दोन मापेंच. म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, यादींत "हाफ चोक" इतकेंच न लिहितां नळीचा व्यास, अरुंद स्थानाचा व्यास, तें तोंडापासून किती अंतरावर आहे तें, आणि साधनाचें नांव, हीं चारही लिहावीं. मग निष्कर्ष चुकला तरी पुढील अभ्यासकास तो दुरुस्त करतां येईल.